जाऊ की नको

आत्याच्या पडद्यांच्या दुकानाचे मेल भाची सांभाळायची. पूर्वी दुकानातून ऊठसूट जाहिराती सुटायच्या आणि लोक वैतागायचे. मग नकोशा जाहिरातींविरुद्ध कायदा आला: कुणी 'नको' म्हटलं की त्याला पुन्हा मेल पाठवायचा नाही, नाहीतर दंड. आत्याने धसकाच घेतला. भाची मात्र वस्ताद. आलेल्या मेलमध्ये 'नको' हा शब्द दिसला रे दिसला, की तो पत्ता कायमचा बाद करायचा आणि माफीचं उत्तर धाडायचं, असं तिने संगणकाला शिकवून ठेवलं. या करामतीवर भाचीबाई भलत्याच खूश होत्या.

त्या दिवशी दुपारी बाद झालेले पत्ते सहज चाळताना ती एका पत्त्यावर अडखळली. त्यात पियानो दुरुस्त करणारा होता! आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने वर्कशॉपला जाड पडदे शिवून घेतले होते. पडदे लागून वर्ष झालं, तरी दोघांचे मेल काही संपत नव्हते. कापडावरून सुरू झालेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. आत्याला सगळं कळत होतं. ती नुसती गालातल्या गालात हसायची.

त्याचा कालचा मेल असा होता: "परगावच्या संगीतशाळेत कायमची नोकरी मिळतेय. उद्यापर्यंत कळवायचंय. जाऊ की नको? तुम्ही थांबा म्हणालात तर थांबेन."

आणि खाली संगणकाचं उत्तर: "आपली इच्छा समजली. यापुढे आमच्याकडून आपल्याला कधीही त्रास होणार नाही."

तिने कपाळावर हात मारला. घाईघाईने 'थांबा' लिहून पाठवायला गेली, तर संगणक हटून बसला. तिनेच शिकवलेला तो, आता तिचंच ऐकेना. फोन लावावा, तर सूर जुळवताना तो फोन बंद ठेवायचा.

"अगं, कायदा मेलला आहे, पायांना नाही," आत्या म्हणाली. "पळ."

भाची पळत सुटली. गळ्यातली मोजपट्टी काढायचंही भान राहिलं नाही. आपला हिला त्रास होतो, असंच वाटलं असेल त्याला, या विचाराने तिला रडू येत होतं. आणि खरं सांगायचं तर आनंदही पोटात मावत नव्हता, कारण तिच्या एका शब्दावर तो थांबायला तयार होता.

तो पियानोत डोकं घालून बसला होता. तिने एका दमात सगळा घोळ सांगून टाकला. तो आधी खो खो हसला, मग हातातल्या पान्याकडे बघू लागला.

"मी होकार कळवून टाकला," तो म्हणाला. "आत्ताच, थोड्या वेळापूर्वी."

भाचीने मनाचा हिय्या केला.

"मग मीही येते," ती म्हणाली. "तुमच्याशिवाय मला इथे करमायचं नाही."

त्याच्या हातातला पाना तारांवर पडला आणि केवढा तरी आवाज झाला. वर्षभर तिला अहोजाहो करणाऱ्या त्या माणसाने उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"आधी बस तू," तो म्हणाला.