मागच्या कार्बोरेटरचा आवाज

उस्तादांनी उभ्या आयुष्यात दोनच माणसांना बरा मेकॅनिक म्हटलं होतं. त्यातला एक वारला होता आणि दुसरे ते स्वतः होते. गॅरेज विकून घरी बसल्यावरही त्यांचा तोरा तसूभर उतरला नव्हता. जावई तर त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. पडद्यांचं दुकान चालवणारा माणूस, आणि त्याने घेतली काय, तर जुनीपुराणी, दोन सीटची स्पोर्ट्स कार!

"सीटकव्हरं मात्र झकास शिवलीत हो जावईबापू," ते म्हणाले होते. "आता पुढच्या काचेला झालर लावा."

गाडी धावायची कमी, खोकायची जास्त. सिग्नलला बंद पडायची, ॲक्सिलरेटर दाबला की अंग चोरायची. जावयाने मोबाइलवर व्हिडिओ बघून पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला पुरवणाऱ्या दोन्ही कार्बोरेटरचे स्क्रू पिळले आणि होतं नव्हतं तेही बिघडवून ठेवलं. शेवटी लेकीने फोन केला, तेव्हा मोठे उपकार केल्यासारखे उस्ताद हत्यारांची पेटी घेऊन हजर झाले.

बॉनेट उघडताच त्यांनी नाक मुरडलं. "हे कुणी केलं? माकडाने?"

"मी केलं, बाबा."

"तेच विचारलं मी."

त्यांनी प्लग काढून जावयाच्या नाकासमोर धरले. पुढचे दोन तपकिरी, मागचे दोन काजळीने काळेकुट्ट. "दोन भाऊ जेवायला बसलेत आणि तुम्ही एकाच्याच ताटात वाढताय. मागच्याला पेट्रोल जास्त होतंय."

मागचा कार्बोरेटर खोलला, तर पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली खरंच कचरा अडकला होता. तो साफ करून उस्तादांनी सगळं जागच्या जागी बसवलं आणि इंजिन सुरू करायला लावलं. आता उरलं होतं दोन्ही कार्बोरेटरची जोडी जुळवणं. रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, दुसरं कानाला लावायचं. हवा ओढतानाचा फुस्स आवाज दोन्हीकडे सारखा आला, की काम फत्ते.

पुढच्याचा आवाज खणखणीत आला. मागचा अडचणीत होता, म्हणून उस्ताद वळसा घालून दुसऱ्या बाजूने वाकले आणि नळी डाव्या कानाला लावली. काहीच नाही.

"हवाच ओढत नाहीये. आणखी काय काय कोंबलंय तुम्ही यात?"

त्यांनी तो पुन्हा खोलला, फुंकला, पुसला, बसवला. तरी आवाज नाही. स्क्रू पिळत गेले, तसं इंजिन जास्तच थडथडायला लागलं. कपाळावरचा घाम पुसून ते तिसऱ्यांदा खोलायला निघाले, तसा जावयाने त्यांच्या हातातून नळी घेतली आणि स्वतःच्या कानाला लावली.

"येतोय की आवाज. पुढच्यापेक्षा जोरात."

"तुम्हाला पडद्याच्या कड्यांचा आवाज कळतो. आणा इकडे!"

झटापटीत नळी या खेपेला उजव्या कानाला लागली. फुस्सकारा असा आला, की ते दचकून मागे सरले.

मग त्यांनी नळी उलटी करून दोनदा झटकली.

"नळीत कचरा होता," उस्ताद म्हणाले.

"हो, असेल."

त्या मऊ 'असेल'ने त्यांचं टाळकंच फिरलं. इतकी वर्षं ज्याला हिडीसफिडीस केलं, तो आता आपली कीव करणार? "असलं गोड बोलणं गिऱ्हाइकांसाठी ठेव! डावा कान गेलाय माझा. झालं समाधान?"

"मला लग्नापासून माहीत आहे, बाबा. म्हणून तर मी नेहमी तुमच्या उजव्या हाताला बसतो."

उस्तादांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "आणि मी तुला बावळट समजत होतो."

"तेही ऐकू यायचं. माझे दोन्ही कान शाबूत आहेत."

उस्तादांना हसू आलं, पण ते त्यांनी खोकल्यात दडवलं. "धर नळी. मी स्क्रू फिरवतो, तू आवाज सांग. आणि उगाच माझं मन राखायला सांगू नकोस, नाहीतर डोक्यात पाना घालीन."

"जास्त आहे... अजून जास्त... आता कमी झाला, थोडं उलटं."

"थोडं म्हणजे किती? कापड मोजतोयस का?"

"केसभर. बस्स! सारखा झाला."

इंजिनची थडथड विरली आणि ते एका लयीत गुरगुरू लागलं. लेक दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "जमलं वाटतं बाबांना."

"आम्हाला," उस्ताद खेकसले आणि पेटीतल्या पान्यांवर उगाचच फडकं मारत बसले.