वडील उजवीकडे सरकले

"सरकले! सरकले!" झेरॉक्सच्या दुकानात एकच गिल्ला झाला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर पोस्टकार्डाएवढी खिडकी, खिडकीत शिंपीणबाईंच्या दिवंगत वडिलांचा फोटो. माउसला कुणाचा हात नाही, तरी वडील आपले उजवीकडे सरकले!

"उजवीकडे म्हणजे होकार, डावीकडे म्हणजे नकार," मेलेल्यांचे आत्मे पडद्यावर बोलावणारे खिडकीमहाराज डोळे मिटून म्हणाले. "विज्ञान जिथं हात टेकतं, तिथं आमचा कीबोर्ड सुरू होतो!"

शिंपीणबाईंना मात्र वेगळीच काळजी होती. खुर्चीत त्यांचा थोरला भाऊ बसला होता, आणि दोन झटके येऊन गेलेला हा शहाणा विचारत होता, "बाबा, हृदयाच्या गोळ्या सोडून महाराजांचा चुंबकाचा पट्टा बांधू का?" त्यानं कळ दाबली. वडील उजवीकडे.

"बघितलंस ना गं! बाबाच म्हणतायत!" दादानं पडद्याला हात जोडले.

"आपले बाबा? औषधाचा एक घोट चुकवला तर पाठीत धपाटा घालणारे?" बाई तडकल्या. तीस वर्षं कापड मापलेल्या त्यांच्या डोळ्याला काहीतरी खुपत होतं. त्यांनी गळ्यातली टेप सरळ पडद्याला लावली. "दादा, पुन्हा दाब."

अडीच इंच. पुन्हा दाबली, अडीच इंच. सुताचा फरक नाही!

"आता उलटं विचार. गोळ्या चालू ठेवू का?"

"आत्मा थकलाय!" महाराज खिडकी बंद करायला झेपावले. बाईंनी त्यांच्या मनगटावर टेपनंच चापटी दिली. दादानं कळ दाबली. वडील पुन्हा उजवीकडे! अजून एकदा दाबली, तर पडद्याची कड लागून जागेवरच थांबले.

"आता कळलं आत्मा का थकतो ते!" प्रश्नपत्रिकांच्या प्रती काढायला आलेल्या कॉम्प्युटरच्या मॅडम पुढे झाल्या. "अहो, ही छोटी खिडकी महाराजांच्याच वेबपानानं उघडलीय. पानानं स्वतः उघडलेली खिडकी पानाला सरकवता येते. आत हुकूम लिहिलाय, कळ दाबली की उजवीकडे सरक. डावीकडचा हुकूम लिहायचा आळस केलाय, झालं!"

त्यांनी खिडकी ओढून पुन्हा डाव्या कडेला आणली आणि फोटोच्या जागी कात्रीचं चित्र टाकलं. दुकानदारानं हात जोडून विचारलं, "कात्रीदेवी, मी उद्या राजा होणार का?" मॅडमनी कळ दाबली आणि कात्री उजवीकडे सरकली, अडीच इंच. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली आणि त्या गोंधळात महाराज पसार.

दादा तेवढा हसला नाही. "मला वाटलं, बाबा खरंच भेटले," तो पुटपुटला.

बाईंचे डोळे भरून आले. "मलाही भेटायचंय रे त्यांना. पण जो कधी नाही म्हणतच नाही, त्याला विचारून काय उपयोग? चमत्कार दिसला की आधी उलटा प्रश्न विचारावा. आणि औषधाचं डॉक्टरांनाच विचारावं."

दादानं पडद्यावरच्या कात्रीकडे एकदा बघितलं. मग त्यानं खिशातून सकाळची राहिलेली गोळी काढली आणि दुकानदाराकडे पाणी मागितलं.