तात्यांच्या पुढे पळणारा तडा

रामचंद्र घाडींच्या हातोडीला बॉयलरच्या पोटातलं कळतं, असं विक्रोळीच्या एका कारखान्यातली अर्धी माणसं म्हणत. उरलेल्या अर्ध्यांच्या वाटचं खुद्द रामचंद्रतात्याच म्हणत.

निवृत्तीला बारा वर्षं झाली, तरी हातोडी पिशवीत असेच. आज ती त्यांच्या पुतणीच्या, मथुराच्या, घाटकोपरच्या गाळ्यात आली होती. डब्यांची झाकणं ठोकणारा मथुराचा एकुलता एक प्रेस. त्याच्या बिडाच्या कमानीला तडा गेलेला. कमान दुभंगली की प्रेस भंगारात आणि गाळ्याला कुलूप.

"तड्याच्या टोकाला भोक पाडायचं," तात्या म्हणाले. "अणकुचीदार टोकच राहिलं नाही, तर मेला फाडणार कशाने?"

टोक शोधायला त्यांनी रॉकेल फासलं, पुसलं, वर खडू घासला आणि हातोडीने ठणठण ठोकलं. आत मुरलेलं रॉकेल बाहेर आलं, खडूवर ओली रेघ उमटली. तात्यांनी टोकावर खूण केली. ड्रिल लावण्याआधी, खात्री म्हणून, पुन्हा ठणठण. रेघ खुणेच्या अर्धा इंच पुढे!

नवी खूण. ठणठण. परत पुढे.

"तडा आहे की उंदीर?" चौथ्या खुणेला तात्यांनी खडू आपटला. "ते शेजारच्या टॉवरचं पायलिंग, जमिनीत खांब ठोकतायत मेले! हादऱ्याची लाट जमिनीतून येते, बिडातून धावते नि नेमकी तड्याच्या टोकाला उसवते. जा गो, बंद करायला सांग त्यांका!"

"पायलिंग सोमवारपासून बंद आहे, तात्या."

"मग मेट्रो असेल."

"मेट्रो काय तुमच्या तालावर धावते? तुम्ही ठोकता तेव्हाच तो पुढे सरकतो. मघापासून बघतेय मी."

तात्यांनी हातोडीकडे पाहिलं. लाटेचं शास्त्र आत्ताच त्यांनीच सांगितलं होतं, आणि हातोडी त्यांच्याच हातात होती. कमानीत तीन बोटं अखंड बीड उरलं होतं.

पुन्हा न ठोकता त्यांनी ओल्या रेघेच्या टोकावर भोक पाडलं. मथुराने प्रेस चालू केला. शंभर झाकणं पडली, दोनशे पडली. तडा भोकाच्या काठाशी मुकाट.

"एकदाच ठोकून बघू? अगदी हळू..."

मथुरा हातोडीवर बसली होती. ती हलली नाही.

तात्या चरफडत स्टुलावर टेकले. उजवी मूठ आपोआप मांडीवर आपटू लागली.

"जपून हां," मथुरा म्हणाली, "हाडाला भोक पाडता येत नाही."