वहिनींचं एक मिनिट

“वेळ संपली,” घंटी वाजवत अध्यक्ष म्हणाले, तेव्हा सोफावाल्याने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

उद्योजक मंडळाच्या सकाळच्या बैठकीत प्रत्येकाला आपल्या धंद्याबद्दल एक मिनिट बोलायची संधी मिळे. सोफावाल्याने ती उभं राहण्यापुरती वापरली. मिनिटभर तो समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत राहिला, एकदा खाकरला आणि खाली बसला. टाळ्या पडल्या. मंडळात प्रत्येक भाषणाला टाळ्या पडत, आणि हे भाषण इतरांपेक्षा सुटसुटीत होतं.

तसा त्याचा दोष नव्हता. सोफ्यावर कापड ठोकताना बारीक खिळे ओठांत धरावे लागतात. एकेक जिभेने पुढे आणायचा आणि हातोडीच्या हवाली करायचा. मध्येच बोललं तर खिळा पोटात. निम्मं आयुष्य असं गेल्यावर माणूस खिळे नसतानाही तोंड जपूनच उघडतो.

“काय बोललात?” घरी आल्यावर बायकोने विचारलं.

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे, थोडंफार काय बोललात?”

“काही नाही म्हणजे काही नाही.”

हे उत्तर धाकट्या भावानेही ऐकलं. तो तिथेच बसला होता. त्याची तयार सोफ्यांची आणि पलंगांची शोरूम होती, काचेची. वडिलांच्या जुन्या दुकानात त्याचा अर्धा वाटा होता, आणि आता त्याला तिथे गोदाम करायचं होतं.

“दादा, सोफे दुरुस्त कोण करतं आता? मोडला की टाकतात,” तो म्हणाला. “तू माझ्याकडे ये. शोरूमच्या दारात उभं राहायचं आणि गिऱ्हाईक आलं की ‘या, या’ म्हणायचं. बस्स.”

दादाने त्या ‘या, या’चा विचार केला आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

“भाऊजी, तीन महिने द्या,” बायको म्हणाली. “तेवढ्यात दुकानात काम आलं नाही, तर मीच किल्ली आणून देते तुमच्या हातात.”

“घ्या की, वहिनी,” भाऊ उदारपणे म्हणाला. खात्री असली की माणूस उदार होतो.

पुढच्या बैठकीला नवऱ्याच्या जागी ती गेली. अध्यक्षांनी “या वहिनी” म्हणून स्वागत केलं, आणि ती सगळ्या मंडळाची वहिनी झाली.

तिला माहेरी भोचक म्हणत आणि सासरी चौकस. अर्थ एकच, सासर जरा सभ्य होतं. लोकांच्या घरी दोघं मिळून जात तेव्हा नवरा सोफ्याचं माप घेई आणि ती घराचं. कुणाचा नळ गळतो, कुणाचा मुलगा गणितात गटांगळ्या खातो, कुणाचं कुणाशी बिनसलंय, हे सगळं नवऱ्याने टेप गुंडाळेपर्यंत तिला ठाऊक झालेलं असे.

मंडळात मात्र वेगळी पद्धत होती. तिथे लोक कॉफी घेत, ओळखीचं हसत आणि एकमेकांना कार्डं देत. घरी गेल्यावर ती कार्डं हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारत. मंडळामुळे खरोखर धंदा वाढलेला सभासद एकच होता, कार्डं छापणारा. भिंतीवर एक मोठी चौकट टांगलेली होती: ‘आधी दुसऱ्याला काम मिळवून द्या.’ सभासद तिच्याकडे घड्याळाइतकंही बघत नसत.

वहिनींनी ती वाचली आणि खरी मानली. नवीन होत्या.

“नळवाले कोण इथे?” आपलं मिनिट सुरू होताच त्यांनी विचारलं. एक हात भीत भीत वर आला. “आमच्या मागच्या गल्लीत एक मोठ्या बाई आहेत, हेडमास्तरीण होत्या. त्यांचं न्हाणीघर गळतंय. आजच जा. आणि वेळेवर जा, नाहीतर ओणवं उभं करतील. दातांचे डॉक्टर? हां. आमचे चष्मेवाले काका एकाच बाजूने चावतात, पण घाबरट आहेत. त्यांना ‘नुसतं बघतो’ म्हणायचं, पकड दाखवायची नाही. आणि वकीलसाहेब, तुमच्यासाठी...”

घंटी वाजली.

“वहिनी, हे तुमचं मिनिट आहे,” अध्यक्ष म्हणाले. “स्वतःबद्दल बोलायचं असतं.”

“पुढच्या वेळी,” वहिनी म्हणाल्या. पुढच्या वेळी शिकवणीवाल्यांचं आणि रंगवाल्यांचं निघालं.

“आपलं सांगितलंस का?” सोफावाला दरवेळी विचारी.

“वेळच उरला नाही हो. वकिलांचं प्रकरण मोठं होतं.”

“लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस,” तो म्हणाला. त्या महिन्यातलं ते त्याचं सर्वांत लांब वाक्य होतं.

दुकान रिकामंच राहिलं. हात थांबू नयेत म्हणून सोफावाल्याने दुकानातलं बसायचं स्टूल पुन्हा एकदा मढवलं. एवढं देखणं स्टूल मंत्र्याच्या घरीही नसेल. मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी तो आपणहून बोलला.

“जमेल मला ते शोरूमचं. सराव केलाय.”

“म्हणून दाखवा बघू.”

त्याने तोंड उघडलं, समोरच्या रिकाम्या दाराकडे पाहिलं आणि मिटलं. वहिनी घाईघाईने कापडाचं ठाण झटकू लागल्या. झटकताना डोळ्यांत धूळ जाते, त्यामुळे कुणाला काही विचारावं लागलं नाही.

मग तिमाही बैठक आली. मंडळात एका धंद्याला एकच खुर्ची, म्हणजे एकच सभासद असे, आणि कागदोपत्री अजून रिकाम्या असलेल्या फर्निचरच्या खुर्चीसाठी धाकट्या भावाने अर्ज केला होता. तो पाहुणा म्हणून पुढच्याच रांगेत बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. या बैठकीत प्रत्येकाने उठून आपल्याला कुणामुळे काम मिळालं ते सांगायचं असे. हा कार्यक्रम दरवेळी चटकन उरके.

नळवाला उठला. “वहिनी.” बसला.

दातांचे डॉक्टर उठले. “वहिनी. चष्मेवाले काका आले, मग त्यांची अख्खी इमारत आली.”

“वहिनी,” शिकवणीवाले म्हणाले.

“वहिनीच,” वकील म्हणाले. “दोन वाटण्या आणि एक घटस्फोट. घटस्फोट पुढे वहिनींनीच समजूत घालून मोडला, पण तोवर माझी फी झाली होती.”

“माझं काम मात्र घटलं,” कार्डं छापणारा तक्रारीच्या सुरात म्हणाला. “लोक आता सरळ कामालाच जातात.”

शेवटी अध्यक्ष उभे राहिले. ते विम्याचं काम करत. “मलासुद्धा,” ते घंटीकडे बघत म्हणाले, “म्हणजे, वहिनींमुळेच.”

धाकट्या भावाला राहवलं नाही. “सगळं खरं, पण वहिनींना स्वतःला काय मिळालं? दुकान तर ओस पडलंय. विचारा त्यांना.”

मग दातांचे डॉक्टर हळूच म्हणाले, “पण वहिनी, तुमचा धंदा तरी कोणता?”

सभासदांनी एकमेकांकडे पाहिलं. नळवाल्याला त्या अध्यक्षांची बहीण वाटत होत्या. अध्यक्षांना वहिनींचा नवरा आठवत होता, पण त्याने तरी कुठे काही सांगितलं होतं?

वहिनी उठल्या. पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडेना. “सोफे,” त्या म्हणाल्या. “खुर्च्या. जुन्या. हे करतात, मी बोलते. पण सासऱ्यांनी शिकवलेलं काम आहे ते, दुसऱ्या कुणाला येत नाही. एवढंच.”

मिनिट शिल्लक होतं. ते इतरांनी वापरलं.

“अहो, मग माझ्या दवाखान्यातला बाक...”

“आमच्या वडिलांची आरामखुर्ची आहे, वहिनी. बसवत नाही आणि टाकवत नाही.”

“हेडमास्तरीणबाईंकडे जुने दिवाण आहेत, त्यांनी मला कालच विचारलंय...”

“या इथल्या खुर्च्या!” अध्यक्ष आपल्या बुडाखाली हात घालून ओरडले. “स्प्रिंग टोचतेय वर्षभर, सांगणार कुणाला?” त्यांनी घंटी वाजवली. कुणी ऐकलं नाही. खुर्चीसाठीचा अर्ज टेबलावर तसाच राहिला आणि त्यावर कुणीतरी कॉफीचा कप ठेवला.

धाकटा भाऊ उठून दाराकडे निघाला.

“भाऊजी, थांबा. तुमचंही एक आहे,” वहिनींनी हाक मारली. “तुमच्या शोरूमसमोर नवं जोडपं राहायला आलंय. जमिनीवर झोपतात बिचारे. त्यांना तयार पलंग हवाय. आम्ही काही पलंग करत नाही.”

“वहिनी, मी तुमचं दुकान मागतोय आणि तुम्ही मला गिऱ्हाईक देताय?”

“नियम आहे ना,” वहिनींनी भिंतीकडे बोट दाखवलं.

पुढच्या आठवड्यात दुकानासमोरच्या फुटपाथवर खुर्च्यांची इतकी दाटी झाली की येणारेजाणारे त्यांवर बसून गप्पा मारू लागले. वहिनी त्यांच्याही चौकशा करत होत्या. तेवढ्यात एक टेम्पो येऊन थांबला. धाकटा भाऊ उतरला. मागे एक जुना, भला दांडगा सोफा होता.

“गिऱ्हाइकाने नवा घेतला. हा टाकायला सांगितलाय,” तो दादाकडे न बघता म्हणाला. “पण सांगाडा चांगला आहे. टाकवेना.”

सोफावाल्याने लाकडावर हात फिरवला आणि मान हलवली.

भावाने घड्याळ काढून खिशात टाकलं, इस्त्रीच्या बाह्या वर दुमडल्या आणि सोफ्याचं एक टोक धरलं. वडील गेल्यानंतर दोघांनी मिळून काही उचललं नव्हतं. दादा वळसा घालून आला. त्याने भावाला दुसऱ्या बाजूला सारलं आणि जड बाजू स्वतःकडे घेतली.