डावीकडची मोकळी जागा

दोन चौकटींमधली ती राखाडी रेघ... तिच्यावर कर्सर नेला की त्याचा दुतोंडी बाण व्हायचा, आणि बाण धरून ओढला की एक चौकट आक्रसायची, दुसरी फुगायची. तिनं रेघ ओढली, सोडली, पुन्हा ओढली. दादांची मांडणी मोडून आपली लावायची, एवढंच तर काम होतं. आजपासून हा संगणक तिचा, ही संकलनाची खोली तिची, आणि दादांचा अर्धवट राहिलेला माहितीपटही तिच्याच गळ्यात. वीस वर्षं इथं बसलेला माणूस गेल्या आठवड्यात तडकाफडकी निवृत्त होऊन घरी गेला होता.

पण ही कसली मांडणी? चित्राची खिडकी उजवीकडे, तुकड्यांची यादी उजवीकडे, तुकडे ओळीनं जोडायची टाइमलाइनसुद्धा चेपून उजवीकडेच — सगळ्या चौकटी एकमेकींच्या उरावर बसलेल्या, आणि डावीकडे पडद्याचा चांगला तिसरा हिस्सा नुसता काळा. तिला हे काम शिकवताना हेच दादा म्हणायचे ना, बोटभर जागा वाया घालवायची नाही म्हणून?

डावीकडे... गेल्या वर्षी ती चहाचा कप घेऊन त्यांच्या खुर्चीशी गेली होती, तेव्हा ते केवढ्यानं दचकले होते! चहा सांडला, आणि चारचौघांत ओरडले, "कुठून टपकतेस गं? माणसासारखं समोरून येता येत नाही?" सगळे हसले होते. त्याच दिवशी तिनं आपलं कामाचं बिऱ्हाड पलीकडच्या खोलीत हलवलं. त्यानंतर कामापुरतं बोलणं, आणि निरोपसमारंभालाही ती गेली नाही. कुठल्या बाजूनं गेले होते मी? खिडकीकडून. म्हणजे डावीकडूनच.

तिनं फोन लावला.

"दादा, मांडणी बदलतेय. डावीकडे काहीच कसं ठेवलं नाहीत?"

पलीकडे नळ वाहत होता. तो बंद झाला.

"सवय गं."

"दादा, तुमचा डावा डोळा..."

"तुला हवं तसं लाव. तुझी खोली आहे आता." आणि लगेच, "शेवटच्या मुलाखतीचा आवाज तेवढा तपास. मला नीट जमला नाही."

फोन ठेवल्यावर तिनं डावा डोळा तळहातानं झाकला. पडदा जवळजवळ पूर्ण दिसतच होता. कडेचं थोडंसं काय ते गेलं. म्हणजे तसं काही नव्हतंच? की त्यांचं याहून बरंच जास्त गेलं होतं... की खरंच नुसती सवय? सवय असेल तर माझा वर्षभराचा राग खराच होता. नसेल तर — तर एक शब्द न बोलता त्यांनी मला उठून जाऊ दिलं? माझ्यापासूनसुद्धा लपवलं?

"झालं का लावून?" दारातून ध्वनिमुद्रक विचारत होता.

"हो," ती म्हणाली. "म्हणजे... नाही."

वर्षभर तिला आपला राग नेमका कुठं आहे ते ठाऊक असायचं. आत्ता चाचपलं तर तो जागेवर नव्हता. दुसरंच काहीतरी हाताला लागत होतं, गरम — आणि ते दादांवर आहे की स्वतःवर, हे तिला काही केल्या कळेना.