माळेतली टाचणी

मित्रांनो, मी एक जुना चुंबक आहे. कपाटाच्या दारावर चिठ्ठ्या धरून बसणारा नव्हे, चांगला पुरुषभर उंच. माझ्या पोटातले तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियमच्या थंडीत बुडवून त्यात एकदाच वीज सोडली. ती आजही फिरते आहे. जन्म परदेशी कारखान्यातला, पण आयुष्य गेले ते सोंगख्ला या थाई शहराजवळ, कोळंबीच्या तळ्यांच्या मुलखात.

वरच्या तोंडातून माझ्यात प्रथिनाची काचनळी सोडतात. रेडिओलहरीची टिचकी बसली की प्रथिनातला एकेक अणू आपला सूर देतो आणि पडद्यावर त्याचे शिखर उमटते. दुसरे प्रथिन येऊन बिलगले, की तिथल्या अणूंची शिखरे जागा सोडतात. त्यावरून दोघे कुठे जुळले ते कळते.

आधी माझे फार कौतुक झाले. मग शेजारच्या खोलीत मोठा चुंबक आला. माझ्याकडे एकटी चॉम्पू ही संशोधक विद्यार्थिनी येत राहिली. कोळंबी मारणारा विषाणू कोळंबीच्या प्रथिनाला नेमका कुठे चिकटतो, हे ती शोधत होती. तिच्याकडे विषाणूच्या आणि कोळंबीच्या प्रथिनांच्या मिश्रणाची एकच नळी होती. ती गेली असती, तर पुन्हा काही महिने खपावे लागले असते.

गुरुवंदनेच्या दिवशी तिने मलाही मोगऱ्याची माळ घातली, थेट तोंडावर. मग नळी आत सोडली. थोड्या वेळाने ती ओरडली, "आजान, जुळली! सगळी शिखरं जाड झालीत. मोठी जोडी झाली की असंच होतं ना?"

तिचे आजान, म्हणजे गुरुजी, थवात पडद्याकडे वाकले. "होतं. पण हा टोकाचा कोण?"

"तो खुणेसाठी घातलेला छोटा रेणू. त्याचं या दोघांशी काही नातं नाही."

"मग तो का फुगलाय? लग्न दुसऱ्याचं आणि जेवून हा आलाय होय?"

चॉम्पूचा चेहरा उतरला. तिने माझ्याकडे पाहिले. टाचणीने अडकवलेली माळेची गाठ सुटलेली होती. "आजान, हिची टाचणी कुठंय?"

"या चुंबक आजोबांना विचार. त्यांनीच गिळली असणार."

गिळली होतीच. लोखंड जवळ आले की मला राहवत नाही, आणि ते पोटात गेले की माझे चुंबकक्षेत्र वाकडे होऊन सगळ्याच अणूंचे सूर पसरतात.

हवेच्या झोतावर त्यांनी नळी वर आणली. वाटेत काच टाचणीला घासली. चॉम्पूने डोळे मिटले. नळी शाबूत आली. मग लाकडी काठीला चिकटपट्टी लावून त्यांनी टाचणी ओढून काढली.

दुसऱ्या खेपेस खुणेचा रेणू केसासारखा बारीक उमटला. बाकीची शिखरे किंचितच जाड होती, मात्र त्यांतली मोजकी सरकली होती, आणि ती सगळी कोळंबीच्या प्रथिनाच्या एकाच कडेची होती.

"जुळलीच होती, आजान," चॉम्पू हळूच म्हणाली. "पण मघाशी मी टाचणीवरच नाचले."

आता माझी माळ दाराच्या कडीला असते. मित्रांनो, माझे हेलियम वेळच्या वेळी भरा आणि जवळ येताना खिसे रिकामे करा. मला खोटे बोलता येत नाही. तुम्ही प्रथिन आणलेत तर प्रथिन सांगेन, आणि नकळत टाचणी आणलीत तर तीही तितक्याच इमानाने सांगेन.