सातवी पेटी

ज्योत्स्ना मेश्राम यांनी अहवालातला ‘अपघात’ हा शब्द पेन्सिलने खोडला, त्याच्या डोक्यावर ‘घटना’ असं लिहिलं आणि पेन्सिल तशीच हातात धरून त्या थांबल्या. ब्रूनर टेबलापलीकडे उभे होते. ते संघटनेच्या बहारीनमधल्या तळाचे प्रमुख. एरवी ते बसून बोलत.

“हॉस्पिटलला उत्तर तुमच्या सहीने जायला हवं,” ते म्हणाले. “तीन ओळी पुरेत.”

“काय लिहू?”

“कलम चौदा. तुमचंच आहे.”

ते खरं होतं. करारावर सह्या करूनही विषारी रसायनं दडवून ठेवणाऱ्या देशांत निरीक्षक पाठवायचे, तिथून नमुने आणायचे आणि युरोपातल्या दोन प्रयोगशाळांकडे रवाना करायचे, हे निःशस्त्रीकरण संघटनेचं काम. ज्योत्स्नाबाई चार वर्षांपासून तिच्या विधी विभागाच्या प्रमुख होत्या. नियमावली त्यांनीच लिहिली होती. दोन्ही प्रयोगशाळांचे निष्कर्ष येईपर्यंत नमुन्यांविषयी संघटनेबाहेर कोणाला काहीही सांगायचं नाही, असं चौदावं कलम होतं. आधी नाव फुटलं, तर ‘निष्कर्ष अगोदरच ठरले होते’ असं म्हणायला तो देश मोकळा. मसुदा तयार होत असताना त्यांची सहायक जागृती हिने समासात लिहिलं होतं, ‘वैद्यकीय गरज असल्यास?’ ज्योत्स्नाबाईंनी ते काढून टाकलं होतं. एक अपवाद ठेवला की त्यातून दहा जण आत शिरतात, असं त्यांनी तिला समजावलं होतं, आणि ते तिला पटलंही होतं.

शहाण्णव सालचा मार्च होता. त्या सकाळी सात वाजता मीना सलमान बंदरावरच्या गोदामात पेट्या उतरवताना फोर्कलिफ्टवरचा पट्टा तुटला आणि सातवी पेटी खाली आली. कागदावर आत तीन आवरणं होती, प्रत्यक्षात दोनच निघाली. आतल्या बाटल्यांपैकी एक फुटली. पेटी सरळ करायला वाकलेल्या माणसाच्या मनगटावर आणि चेहऱ्यावर शिंतोडे उडाले. तो ठेकेदाराचा माणूस होता, पांडुरंग भुवड, मूळचा गुहागरकडचा. आता साडेनऊ झाले होते आणि सलमानिया हॉस्पिटलचा फॅक्स टेबलावर होता. पेटीत काय होतं ते तातडीने कळवा.

“आठ महिने बावीस माणसं त्या देशात फिरली आहेत,” ब्रूनर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. “सातव्या पेटीइतका पक्का पुरावा दुसऱ्या कुठल्याच पेटीत नाही. तो गेला, तर ते कारखाने पुन्हा सुरू होतील. तेव्हा एका माणसाचा प्रश्न राहणार नाही.”

“मला माहीत आहे.”

ते गेल्यावर त्यांनी तिजोरी उघडली. प्रत्येक पेटीत काय सापडलं याची जागेवरच्या चाचणीची यादी विधी विभागाकडे असे. सातव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, दोनदा वाचलं आणि यादी होती तिथे ठेवली. मग पर्स उचलून त्या सेक्रेटरीला म्हणाल्या, “उत्तर मी परत आल्यावर लिहिते. आधी पेशंटला बघून येते.”

हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. अंगावर घरकाम करणाऱ्यांचा निळा झगा, पायांत घरातल्याच सपाता. ती स्वतःशी पुटपुटत होती, आणि ते मराठी होतं.

“तुम्ही भुवडांच्या घरच्या का?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

बाई ताडकन उठली. “व्हय. मी शेवंती. हिद्दला एका घरात काम करते. फोन आला तशी आले.” मग तिने त्यांच्या साडीकडे, गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. “तुम्ही हितल्या डॉक्टरीण?”

“नाही. पांडुरंगभाऊ ज्या गोदामात होते, तिथल्या ऑफिसची मी वकील आहे.”

“मग तुम्हाला म्हाईत असंल. डाक्टर सारखा विचारतोय, काय सांडलं, काय सांडलं. ह्यांना काय ठावं? हे म्हणतात, लसणीवानी वास आला. बस्स.”

ज्योत्स्नाबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र पदराआड सरकवलं. शेवंतीने ते लक्षात घेतलं असावं, कारण ती पुन्हा खाली बसली आणि मग त्यांच्याकडे बघेना.

डॉक्टर अहमद तरुण होते, मुहर्रकचे. घाईत होते तरी त्यांनी खुर्ची पुढे केली. इंग्रजीत त्यांनी थोडक्यात सांगितलं. धुवायचं तेवढं धुऊन झालं आहे. फोड येत आहेत. दोन्ही बुबुळं पांढुरकी व्हायला लागली आहेत. असं करणारी दोन तऱ्हेची रसायनं त्यांना पुस्तकातून ठाऊक होती. प्रत्यक्षात त्यांनी एकही पाहिलेलं नव्हतं.

“एकात आर्सेनिक असतं,” ते म्हणाले. “ते असेल तर त्यावर उतारा आहे. लष्करी हॉस्पिटलमधून तो मी मागवून ठेवला आहे. पण तो आत्ताच द्यायला हवा, दुपारी देऊन उपयोग नाही. आणि आर्सेनिक नसेल, तर त्या औषधाचाच पेशंटला त्रास होईल, त्याचं ब्लड प्रेशर आधीच जास्त आहे. मला तुमच्या संघटनेची गुपितं नकोत, मॅडम. आहे की नाही, एवढंच सांगा.”

काचेपलीकडे पांडुरंग दिसत होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. डोळ्यांवर ओल्या पट्ट्या. नर्सने त्याचे हात पलंगाच्या कडांना सैल बांधले होते, चोळू नयेत म्हणून. एका हाताची बोटं त्या कडेवर ठेका धरल्यासारखी हलत होती.

ज्योत्स्नाबाईंचे वडील हरिदास मेश्राम कामठीला विडी कारखान्यात मुकादमाच्या हाताखाली होते. वाचता येणारे वस्तीत ते एकटेच. संध्याकाळी लोक आपापले कागद घेऊन येत. कोर्टाची नोटीस, मालकाचं पत्र, दवाखान्याची चिठ्ठी. ते वाचून दाखवत, चांगलं असो की वाईट, एक शब्द गाळत नसत. एकदा आईने, कुसुमबाईंनी, विचारलं होतं की त्या म्हातारीला मुलगा दगावल्याचं असं तोंडावर कशाला सांगितलं. “कागद तिचा होता,” एवढंच ते म्हणाले होते.

“आहे,” ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. ते उठून गेले, आणि मिनिटाभरात आत दोन नर्सेसची धावपळ सुरू झाली.

ऑफिसला परतून ज्योत्स्नाबाई थेट ब्रूनर यांच्या खोलीत गेल्या. काय विचारलं गेलं, आपण काय सांगितलं, ते उभ्यानेच सांगितलं. ब्रूनर यांनी बराच वेळ चष्मा पुसला.

“डॉक्टरांशी मी फोनवर बोललो, तुम्ही वाटेत होता तेव्हा,” ते म्हणाले. “पेशंटच्या कागदावर त्यांनी ‘लक्षणांवरून निदान’ असं लिहिलं आहे. तुमचं नाव नाही. ते भले गृहस्थ आहेत.”

“मी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.”

“नसेल. पण आता कुठेही नोंद नाही. तुम्ही हॉस्पिटलला गेलात, विचारपूस केलीत, परत आलात. माणसाला औषध मिळालं. पेटीतला पुरावाही शाबूत राहिला. खरंच सांगतो, ज्योत्स्ना, याहून चांगलं काही होऊ शकत नव्हतं.”

त्या खुर्चीवर बसल्या. मोह नव्हता असं नाही. निवृत्तीला सात वर्षं होती आणि आजवर त्यांच्या कामात कुणाला बोट ठेवायला जागा मिळाली नव्हती. जिथून त्या आल्या होत्या, तिथल्या माणसाने चूक केली की ती एकट्याची राहत नाही, हेही त्या जाणून होत्या.

“आपण त्या देशाला काय म्हणतो?” त्यांनी विचारलं. “तुमच्याकडे काय आहे ते स्वतःहून सांगा, आम्हाला शोधायला लावू नका. गेल्या महिन्यात त्या पत्रावर सही माझीच होती.”

“ती तुलना बरोबर नाही.”

“नसेल.”

दुपारपर्यंत त्यांनी दीड पानाची नोंद तयार केली. कलम चौदा आपण मोडलं, केव्हा, कुठे, कोणासमोर, हे लिहिलं. शेवटी विधी विभागाची प्रमुख या नात्याने मत दिलं की सातवी पेटी आता पुरावा म्हणून वापरता येणार नाही. कलमात अपवाद नसणं हा मसुदा करणाऱ्याचा दोष होता आणि मसुदा आपला होता, हेही लिहिलं. कागद फॅक्समध्ये घातला आणि शेवटची ओळ पलीकडे जाईपर्यंत त्या मशीनजवळ उभ्या राहिल्या.

मुख्यालयाकडून एका ओळीचं उत्तर आलं. शनिवारी दोन वाजता फोनवर बोलू, तोवर कुठल्याही कागदावर सही करू नये.

शनिवारी साडेबाराच्या सुमारास त्या सलमानियाला गेल्या. पांडुरंगच्या डाव्या डोळ्याची पट्टी काढली होती. डोळा लाल होता, पण दिसत होतं. उजव्यातून फक्त उजेड कळत होता. तोही हळूहळू सुधारेल, इंशाल्ला, असं डॉक्टर म्हणाले होते. शेवंती पलंगाशेजारी बसून संत्रं सोलत होती.

“ह्या त्या वकीलबाई,” तिने नवऱ्याला सांगितलं. “ह्यांनी डाक्टरला सांगितलं म्हणून सुई मिळाली. मला नर्स बोलली.”

पांडुरंगने हात जोडायला उचलले, मनगटावरच्या पट्टीमुळे ते जमेना. “बसा, मॅडम,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं, “एक विचारू? त्या पेटीत काय व्हतं?”

“डॉक्टरांनी नाही सांगितलं?”

“ते म्हणाले केमिकल. केमिकल तर फिनेल पण असतं.”

ज्योत्स्नाबाईंनी दाराकडे पाहिलं. औषध देऊन झालं होतं. आता कुणाचा जीव अडला नव्हता, कुणी डॉक्टर विचारत नव्हता. विचारत होता तो हा, एका डोळ्याने त्यांच्याकडे बघत.

“माणसं मारायला बनवलेलं विष होतं ते, पांडुरंगभाऊ. त्यात सोमल असतो, आर्सेनिक म्हणतात तो. अंगावर पडलं की भाजतं, छातीत गेलं तर माणूस जातो. ज्या देशाने ते बनवलं, त्याने ते लपवून ठेवलं होतं. आमची माणसं पुरावा म्हणून थोडं घेऊन आली होती.”

शेवंतीचा हात थांबला.

“मग पेटीवर तसं लिव्हलं का नव्हतं?”

“लिहायचं नाही, असा नियम होता.”

“कुणाचा?”

“माझा.”

शेवंतीने सालं कागदात गोळा केली, कागदाची पुडी केली आणि ती हातातच धरून बसली. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेली.

“बाकीच्या पेट्या गोदामातच हायत अजून,” पांडुरंग अखेर म्हणाला. “काल इक्बाल भेटायला आलेला. आज दोनच्या शिफ्टला तो आन् अलीमियाँ त्या गाडीवर चढवणार, विमानतळावर न्यायला. पट्टे तेच हायत, मॅडम. आन् त्या दोघांना म्हाईत नाय.”

ज्योत्स्नाबाईंनी घड्याळ पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोनचा फोन ऑफिसात येणार होता. ऑफिस इथून पाच मिनिटांवर, मीना सलमान शहराच्या दुसऱ्या टोकाला.

“त्यांना मराठी कळतं?”

“नाय. हिंदीत सांगा. इक्बाल ऐकंल.” तो थोडा कुशीवर वळला. “अलीमियाँला उजव्या कानाने कमी येतं. त्याच्या डाव्या बाजूला उभं ऱ्हाऊन सांगा.”

“डाव्या बाजूला,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

खाली गाडीच्या ड्रायव्हरने ऑफिसच्या दिशेने गाडी वळवायला घेतली, तेव्हा त्यांनी त्याला थांबवून मीना सलमानचा रस्ता धरायला सांगितला. पुलापाशी वाहनांची गर्दी होती. त्यांनी काच खाली केली आणि हिंदीत काय, कसं सांगायचं, ते मनातल्या मनात जुळवू लागल्या. सोमलाला हिंदीत काय म्हणतात, ते त्यांना आठवेना.